सातासमुद्रापारचा खर्च आणि कार्डाची कात्री

परदेश प्रवास ठरला की आपल्याकडे सर्वांत आधी बॅगेचे वजन मोजले जाते. चटणी किती, पापड किती, मेतकूट आणि मेंथेहिट्टू किती, याचा हिशेब करत वजनकाटा घरभर फिरतो. (कुंदा दुधाचा, म्हणून तो युरोपात नेता येत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.) पैसे कसे न्यायचे हा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी आठवतो. मग कुणीतरी म्हणते, 'एटीएम कार्ड आहे ना, बस्स झाले!' आणि तिथेच नुकसानीला सुरुवात होते.

या सदराकडे हल्ली येणाऱ्या पत्रांत असे प्रश्न वाढले आहेत. अनगोळच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की लेकीच्या बाळंतपणासाठी त्या आणि त्यांचे यजमान तीन महिने जर्मनीत स्टुटगार्टला जाणार आहेत. यजमान निवृत्त शिक्षक. लेक फोनवर रोज सांगते, 'काही आणू नका, नुसते या.' पण यजमानांचे म्हणणे असे की तीन महिने जावयाच्या घरी राहायचे, तर भाजीपाला तरी आपल्या पैशाचा असावा. त्यासाठी त्यांनी दोन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. ताई विचारतात, 'हे दोन लाख न्यायचे कसे? बँकेत एक सांगतात, एजंट दुसरे सांगतो आणि मुलगी तिसरेच सांगते.'

प्रश्न एका घरचा असला तरी आज सीमाभागातल्या शेकडो घरांचा आहे. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची सून सिंगापुरात. उद्यमबागेतले फाउंड्रीवाले दर चार वर्षांनी ड्युसेलडॉर्फच्या 'गिफा' प्रदर्शनाला जातात. मागचे जून २०२३ मध्ये झाले, पुढचे २०२७ मध्ये आहे. शिवाय हौसेने युरोपच्या सहलीला जाणारी मंडळी वेगळीच. तेव्हा आज जरा सविस्तर लिहितो.

पैसे कुठे कापले जातात?

आपले कार्ड परदेशात वापरले की रुपयाचे युरो होताना बँक आपला हिस्सा घेते. याला 'फॉरेन करन्सी मार्कअप' म्हणतात. बहुतेक साध्या क्रेडिट व डेबिट कार्डांवर तो ३.५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. शंभर रुपयांच्या खरेदीवर चार रुपये म्हटले की ते किरकोळ वाटते. पण दोन लाखांवर तीच रक्कम ८,२६० रुपये होते. एवढ्यात आपल्याकडे घरच्या घरी बारशाचा बराचसा खर्च निघेल.

हे शुल्क पावतीवर दिसत नाही. दुकानातली पावती युरोत असते आणि खात्यातून रुपये जातात. काही बँका मार्कअप वेगळ्या ओळीत दाखवतात, तर काही दरातच मिसळून टाकतात. त्यामुळे वर्षानुवर्षे ते भरणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

हिशेब मांडून पाहू

समजा, युरोचा दर १०० रुपये आहे. खरा दर रोज बदलतो, हा आकडा फक्त हिशेबाच्या सोयीसाठी. ताईंना २,००० युरो खर्चायचे आहेत, म्हणजे मूळ रक्कम दोन लाख रुपये. आता वेगवेगळ्या मार्गांनी वरखर्च किती येतो ते पाहा.

पहिला मार्ग, ३.५ टक्के मार्कअपचे नेहमीचे क्रेडिट कार्ड. वरखर्च ८,२६० रुपये.

दुसरा मार्ग, तेवढ्याच मार्कअपचे डेबिट कार्ड वापरून एटीएममधून दर वेळी २०० युरो काढणे. दहा वेळा काढावे लागतील. बँक प्रत्येक वेळी ठरावीक शुल्कही घेते. ते १५० रुपये धरले तर जीएसटीसह १,७७० रुपये आणखी वाढले. एकूण १०,०३०. शिवाय तिथल्या एटीएमच्या मालकाने आपले शुल्क लावले तर ते निराळे. भीतीपोटी दर वेळी वीस-वीस युरो काढणाऱ्यांचे तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे होते.

तिसरा मार्ग, २ टक्के मार्कअपचे क्रेडिट कार्ड. जीएसटीसह ४,७२० रुपये.

चौथा मार्ग, आधी पैसे भरून घ्यायचे फॉरेक्स कार्ड. इथे मार्कअप वेगळा दिसत नाही, पण तो विक्रीच्या दरात असतो. बाजारात दर १०० असताना बँकेने १०१.५० ने युरो दिला, तर ३,००० रुपये तिथे गेले. चलन बदलण्यावरचा जीएसटी या रकमेला सुमारे २७३ रुपये. म्हणजे सव्वातीन हजार, अधिक कार्ड काढण्याची फी.

पाचवा मार्ग, शून्य मार्कअपचे कार्ड. अशी क्रेडिट व डेबिट कार्डे आता आपल्याकडेही मिळतात. मार्कअपचा वरखर्च शून्य. मात्र वार्षिक फी किती, खात्यात किमान किती शिल्लक ठेवावी लागते, हे आधी विचारावे. तीन हजार वाचवायला पाच हजारांची फी भरणे हा काही व्यवहार नव्हे.

पैसे तेच आणि खरेदीही तीच, पण पहिल्या दोन मार्गांनी आठ-दहा हजार जातात आणि उरलेल्या तिघांनी पाच हजारांच्या आत भागते.

पडद्यावरचा गोड प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुकानात किंवा एटीएमवर कार्ड लावले की यंत्राला कळते की हे भारतातले कार्ड आहे. मग पडद्यावर प्रश्न येतो, 'तुम्हाला रुपयांत पैसे द्यायचे की युरोत?' रुपयांचा आकडा पाहून जीव भांड्यात पडतो. आपला रुपया, आपल्याला कळणारा आकडा! म्हणून हात पटकन तिकडेच जातो.

वाचकहो, इथेच सावध राहा. याला 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन', थोडक्यात डीसीसी म्हणतात. यात रुपयाचा दर आपली बँक ठरवत नाही, ते यंत्र चालवणारी कंपनी ठरवते आणि तो दर पाच-सात टक्क्यांनी सहज महाग असू शकतो. वर काही भारतीय बँका परदेशात रुपयांत केलेल्या अशा व्यवहारावर आणखी एक टक्का आणि जीएसटी लावतात. शून्य मार्कअपचे कार्ड खिशात असूनही या एका बटणाने सगळी बचत वाहून जाते.

नियम एकच: ज्या देशात आहात, त्या देशाचे चलन निवडा. जर्मनीत युरो, दुबईत दिरहम, लंडनमध्ये पौंड. एटीएमवर हा प्रश्न जरा फसवा असतो. 'रूपांतर स्वीकारा' आणि 'रूपांतर नाकारा' अशी दोन बटणे दिसतात. 'नाकारा' दाबले की पैसेच मिळणार नाहीत, असे आपल्या ज्येष्ठ मंडळींना वाटते. तसे नाही. नाकारायचे ते यंत्राचे रूपांतर. नोटा तरीही बाहेर येतात आणि हिशेब आपली बँक करते. दुकानदाराने न विचारता रुपयांत पावती फाडली, तर सही करण्यापूर्वी किंवा पिन दाबण्यापूर्वी 'नो रुपीज, युरो' एवढे तीन शब्द पुरतात. त्यासाठी इंग्रजी यावेच लागते असे नाही.

हेच घरबसल्याही होते. परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर हॉटेल किंवा विमानाचे तिकीट रुपयांत दिसले, म्हणून तो व्यवहार देशातला होत नाही. पैसे परदेशी नोंदणीच्या व्यापाऱ्याकडे गेले, तर काही बँका तिथेही शुल्क लावतात.

फॉरेक्स कार्ड कुणासाठी?

एजंट मंडळी फॉरेक्स कार्डाचा आग्रह धरतात. ते वाईट नाही. ज्या दिवशी पैसे भरले त्या दिवशीचा दर कायम राहतो, त्यामुळे पुढे रुपया घसरला तरी झोप उडत नाही. हे कार्ड आपल्या बचत खात्याला जोडलेले नसते. हरवले तरी आयुष्याची पुंजी धोक्यात येत नाही. ज्येष्ठांना हा मोठा दिलासा आहे. ठरवलेली रक्कम भरली की तेवढीच खर्च करता येते. अंथरूण पाहून पाय पसरावे, आणि घरातले अज्जा म्हणतात तसे 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. दोन्ही भाषांतले शहाणपण या कार्डाला लागू पडते.

पण दोन खाचखळगे आहेत. पहिला, ज्या चलनात पैसे भरले त्याच चलनात खर्च करायला हवा. युरोपची सहल म्हणजे सगळीकडे युरो, असे समजून लोक युरो भरतात आणि सहलीचा अर्धा वेळ स्वित्झर्लंडमध्ये जातो. तिथे स्विस फ्रँक चालतो. झेक प्रजासत्ताकात कोरुना, पोलंडमध्ये झ्लॉटी, डेन्मार्कमध्ये क्रोन. युरो भरलेले कार्ड तिथे वापरले की 'क्रॉस करन्सी' शुल्क लागते आणि तेही कधी कधी साडेतीन टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून प्रवासाचा मार्ग समोर ठेवून कार्डात चलने भरावीत. दुसरा खळगा उरलेल्या पैशाचा. परत आल्यावर शिल्लक रुपयांत करून घेताना खरेदीचा दर लागतो आणि तिथे पुन्हा थोडे पैसे जातात. म्हणून अंदाज बांधून थोडे कमीच भरावे, लागले तर मोबाइलवरून पुन्हा भरता येतात.

थोडी रोकड हवीच

जर्मनी हा यंत्रांचा देश असला तरी तिथे रोख पैशाला अजून मान आहे. लहान बेकऱ्या, आठवडी बाजार, काही खाणावळी इथे एक तर रोख चालते, नाही तर 'गिरोकार्ड' हे त्यांचे देशी कार्ड. आपले कार्ड तिथे चालेलच असे नाही. मोठ्या सुपरमार्केटात मात्र व्हिसा, मास्टरकार्ड सर्रास घेतात. तिथे सामानाची ढकलगाडी सोडवायला नाणे लागते, म्हणून एक-दोन नाणी जवळ हवीत. पाण्याच्या बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, ती रिकामी बाटली परत केल्यावर मिळते. आपली माणसे बाटली फेकून देतात आणि अनामतही जाते.

दोन-तीनशे युरो, शक्यतो पाच, दहा आणि वीसच्या नोटांत, इथूनच घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बहुतेक देशांच्या प्रवासाला माणशी ३,००० डॉलरएवढ्या किमतीपर्यंत परकीय नोटा नेता येतात, बाकी रक्कम कार्डात. रोख रुपये देऊन ५०,००० पर्यंतचेच परकीय चलन घेता येते. त्यापुढे चेक किंवा बँकेतून पैसे द्यावे लागतात. विमानतळावरच्या खिडकीत दर महाग असतो, तेव्हा खरेदी गावातच उरकावी.

आणि एक कळकळीची सूचना. 'ओळखीचा माणूस आहे, पावती नको, दर स्वस्त देतो' या वाटेला जाऊ नका. परकीय चलन परवानाधारक बँकेकडून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. शे-दोनशे रुपयांसाठी म्हातारपणी चौकशीला तोंड देणे कुणालाही परवडत नाही.

आपल्या भागातली अडचण

सीमाभागातल्या बहुतेक घरांची पुंजी सहकारी बँकांत, सौहार्द संस्थांत आणि पतसंस्थांत असते. या संस्था आपल्या आहेत, माणसे ओळखीची आहेत. पण अनेक छोट्या सहकारी बँकांचे कार्ड फक्त देशातच चालते. ते विमानात बसल्यावर कळून उपयोग नाही. निदान महिनाभर आधी बँकेत जाऊन विचारावे आणि गरज असेल तर दुसऱ्या बँकेत खाते उघडून ठेवावे. रुपे कार्ड असल्यास ते आंतरराष्ट्रीय प्रकारचे आहे का, ते पाहावे. ते परदेशात डिस्कव्हर, डायनर्स, जेसीबी यांच्या जाळ्यावर चालते, त्यामुळे युरोपातल्या लहान दुकानांत त्याच्या भरवशावर राहू नये.

कार्ड आंतरराष्ट्रीय असले तरी ते परदेशासाठी सुरू करावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच चालू असते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये एटीएम, दुकान आणि ऑनलाइन अशी वेगवेगळी बटणे असतात. जाताना एटीएम आणि दुकान सुरू करा, मर्यादा ठरवा. ऑनलाइनचे बटण गरज नसेल तर बंदच ठेवा, कारण परदेशी संकेतस्थळावर ओटीपी न विचारताही पैसे कापले जाऊ शकतात. परत आल्यावर सगळी बटणे बंद करा. भारतातल्या सिमवर रोमिंग सुरू करून घ्या, नाही तर ओटीपी टिळकवाडीतल्या कपाटात ठेवलेल्या फोनवर येत राहील.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख कधीही काढू नका. त्यावर फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून, तेही महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात. उलट, हॉटेलात किंवा भाड्याच्या गाडीसाठी अनामत द्यायची असेल, तेव्हा क्रेडिट कार्डच बरे. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर आपले खरे पैसे अडकून पडतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात.

आखातात आणि आशियात जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती इथे ठरावीक दुकानांत आपले यूपीआय चालते. फ्रान्समध्ये आयफेल टॉवरपासून फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरुवात झाली. पण 'चालते' म्हणजे सगळीकडे नव्हे, आणि तिथेही चलनाचा दर व शुल्क असतेच. एक पर्याय म्हणून ठेवा, एकमेव आधार म्हणून नको.

कराविषयी लोक फार घाबरतात. एका आर्थिक वर्षात फॉरेक्स कार्ड, डेबिट कार्ड आणि परकीय चलन मिळून माणशी १० लाखांपर्यंत टीसीएस लागत नाही. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ७ लाख होती. सहल कंपनीच्या पॅकेजला मात्र नियम वेगळा आहे, तिथे टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो. कापला गेला तरी विवरणपत्र भरून त्याचा हिशेब मिळवता येतो, तेव्हा प्रमाणपत्र मागून घ्यावे.

मग ताईंनी काय करावे?

माझे मत असे. दोघांच्या नावे दोन वेगवेगळी कार्डे असावीत आणि ती एका पाकिटात ठेवू नयेत. एक युरो भरलेले फॉरेक्स कार्ड, दुसरे शून्य किंवा कमी मार्कअपचे कार्ड, आणि सोबत दोन-तीनशे युरो रोख. रोख संपली तर एटीएममधून एकदम दीड-दोनशे युरो काढावेत.

पण माझ्या मते ताईंच्या घरी एक चौथा मार्गही आहे, तो कुणी सांगितलेला दिसत नाही. लेकीच्या जर्मन कार्डाला जर्मनीत रूपांतराचा खर्चच नाही. घरातल्या किराण्याचे पैसे तिने तिच्या कार्डाने द्यावेत. ताईंनी एका वहीत रोजचा 'लेक्क' लिहावा आणि यजमानांनी तेवढे रुपये लेकीच्या भारतातल्या एनआरओ खात्यात चेकने किंवा बँकेतून भेट म्हणून भरावेत. अनिवासी भारतीय जवळच्या नातेवाइकाला अशी रुपयांतली भेट देण्याची परवानगी आहे. ती परदेशी पाठवायच्या रकमेच्या वार्षिक मर्यादेत, म्हणजे अडीच लाख डॉलरमध्ये, मोजली जाते. आई-वडिलांकडून आलेल्या भेटीवर लेकीला इथे आयकर नाही. तेवढ्या पैशांवर मार्कअप नाही, एटीएम नाही, पडद्यावरचा गोड प्रश्नही नाही. लेक म्हणेल, 'नको.' यजमानांनी त्यावर वाद घालू नये, भारतात परतल्यावर शांतपणे पैसे भरून टाकावेत. त्यांचा मान राहील आणि लेकीलाही चारचौघांत अवघडल्यासारखे होणार नाही.

निघण्यापूर्वी बँकेत जाऊन तीन प्रश्न विचारा, मराठीत विचारा वा कन्नडात: या कार्डावर परकीय चलनाचा मार्कअप किती? परदेशी एटीएमचे शुल्क दर वेळी किती? कार्ड हरवले तर परदेशातून कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? उत्तरे छापील शुल्कपत्रकावर दाखवायला सांगा आणि तो फोन क्रमांक कार्डासोबत न ठेवता वेगळ्या कागदावर लिहून न्या.

परत आल्यावर उरलेल्या नोटांचा विचार करा. २,००० डॉलरएवढ्या किमतीपर्यंतच्या परकीय नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत बँकेला परत करायच्या असतात. नाण्यांवर मात्र कोणतेही बंधन नाही. ती खुशाल नातवंडांच्या गल्ल्यात टाका.